जागा गेली कुठे?

प्रश्न : कॉलेज रोडला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. उबुंटूवरचा संगणक रोज 'डिस्क भरली' म्हणतो. गिऱ्हाइकांच्या पीडीएफ उडवल्या, तरी जागा होत नाही. फॉरमॅट मारू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : थांबा हो दादा! ढेकूण झाले म्हणून कुणी घर जाळतं का? टर्मिनल (हुकूम टाइप करायची खिडकी) उघडा आणि 'डीएफ -एच' द्या (अक्षरं इंग्रजी, सगळी लहान). कोणता भाग किती भरलाय ते जीबीत दिसेल. मग होम फोल्डरमध्ये 'डीयू -एच -डी 1'. हा हुकूम टिंबापासून नाव सुरू होणारी लपलेली फोल्डरंही मोजतो. माझी पैज 'डॉट लोकल'वर. कचरापेटी त्याच्याच पोटात असते आणि माउसने उडवलेली फाइल तिथे जाऊन जागा अडवून बसते. रविवार कारंजाजवळच्या माझ्या मित्राकडे असाच 40 जीबी कचरा निघाला, आणि हा रोज नवी हार्डडिस्क शोधत होता! पेटी रिकामी केली, काम झालं.

फाइल पुसायच्या 'आरएम' या हुकमाला मात्र सध्या हात लावू नका. त्याने पुसलेलं कचरापेटीत जात नाही. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी कुणाचं प्रोजेक्ट गेलं, तर काउंटरवर तुम्हालाच ऐकून घ्यावं लागेल.