ही सही बाबांची नाही, हे सिद्ध कसं करायचं?

वादग्रस्त कागदपत्रं आणि हस्ताक्षर यांबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना नागपूरच्या एका निवृत्त दस्तऐवज परीक्षक बाईंनी दिलेली उत्तरं.

प्रश्न : ताई, आमचे बाबा मागच्या पावसाळ्यात गेले. तेरवी झाल्यावर मोठ्या भावाने मृत्युपत्र पुढे केलं. साध्या कागदावर टाइप केलेलं, रजिस्ट्री नाही, आणि घर पूर्ण त्याच्या नावे. शेवटची दोन वर्षं लकव्यामुळे बाबांचा हात धड चालत नव्हता. मृत्युपत्रावरची सही थरथरलेली आहे खरी, पण बाबांची वाटत नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतो, बघून सांगाल का?
— वाचक, महाल, नागपूर

उत्तर : फोटो पाठवू नका. मी बघणार नाही, आणि फोटो बघून जो लगेच 'खोटी आहे' म्हणेल त्याला फीसुद्धा देऊ नका. फोटोत शाईचा रंग बदलतो, पेनाने कागदावर पाडलेला दाब दिसत नाही, पेन कुठे उचलला आणि पुन्हा कुठे टेकवला ते कळत नाही. आमचं निम्मं काम त्या उचल-टेकवीवरच चालतं. झेरॉक्सची गतही तीच. आधी मूळ कागद न्यायालयात जमा होऊ द्या.

थरथरीबद्दल सविस्तर सांगते, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. आजारी माणसाचा हात थरथरतो आणि नक्कल करणाऱ्याचाही थरथरतो, पण दोघांची कारणं वेगळी. आजारी माणसाला स्वतःची सही पाठ असते, फक्त बोटं ऐकत नाहीत. रेघ वेडीवाकडी जाते, अक्षर ओळ सोडून खाली उतरतं, एखादी वेलांटी गळते. तरी शेवटचा फटकारा बहुधा निमुळता होत सुटतो, आणि बिघडलेलं सुधारायला तो माणूस सहसा मागे येत नाही. नक्कल करणारा मात्र चित्र काढत असतो. त्याची रेघ सावकाश, सगळीकडे सारख्याच दाबाची. सुरुवात आणि शेवट बोथट. वळण सोपं असलं तरी तो थबकतो, पेन उचलतो, आणि चुकलेल्या जागी हळूच पुन्हा गिरवतो. तिसरा प्रकार म्हणजे हात धरून करवलेली सही. तिच्यात धरणाऱ्याची ओढ आणि धरलेल्याचा अडखळा दोन्ही उतरतात. अशा सहीवर ठाम मत द्यायला मी नोकरीत असतानाही कचरत असे.

आता तुमचं काम. मृत्युपत्रावर जी तारीख आहे तिच्या आगेमागे काही महिन्यांतल्या बाबांच्या सह्या गोळा करा. पेन्शन असेल तर दर नोव्हेंबरला बँकेत दिलेला हयातीचा दाखला, पैसे काढायच्या स्लिपा, वटलेले चेक, दवाखान्यातलं संमतीपत्र, घरपट्टीचा एखादा अर्ज. दहा-पंधरा मिळाल्या तर उत्तम. एकच माणूस दोन सह्या सारख्या करत नाही, आणि त्याचा हात किती इकडेतिकडे जातो हे एका नमुन्यावरून कळत नाही. बाबांनी धडधाकट असताना केलेली भरदार सही फ्रेम करून ठेवा हवी तर, या कामात तिचा उपयोग थोडा.

आणि नमुने निर्विवाद हवेत, म्हणजे दोन्ही बाजूंना मान्य, किंवा सरकारी दप्तरातून, बँकेतून आलेले. १९८३ साली जर्मनीत 'स्टर्न' साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून रोजनिशा छापल्या. नावाजलेल्या हस्ताक्षरतज्ज्ञांनी आधी 'हात हिटलरचाच' असा निर्वाळा दिला होता. झालं असं होतं की तुलनेला दिलेल्या 'अस्सल' कागदांतले काही कागदही त्याच कोनराड कुयाऊ नावाच्या भामट्याने बनवलेले. दोन्हीकडचा हात एकच होता, यात तज्ज्ञांचं चुकलं नव्हतं! शेवटी कागदाने घात केला. त्यात पांढरेपणासाठी घातलेलं रसायन महायुद्धानंतर वापरात आलेलं निघालं. म्हणून नमुन्यांचा गठ्ठा कोणी आणला, हे मी सहीकडे बघण्याआधी विचारत असे.

कायद्याचं थोडक्यात. रजिस्ट्री नाही एवढ्याने मृत्युपत्र पडत नाही. ती सक्तीची नाहीच. पण भारतीय वारसा कायदा, १९२५च्या कलम ६३प्रमाणे दोन साक्षीदार लागतात. ते कोण आहेत, बाबांनी त्यांच्यादेखत सही केली का, त्या दिवशी ते खरंच नागपुरात होते का, हे तुमच्या वकिलांना खोदू द्या. मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्याची, म्हणजे तुमच्या भावाची, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच व्यंकटाचल अय्यंगार प्रकरणात सांगितलं आहे. तज्ज्ञाचं मत पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ४५खाली येई. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम ३९ झालं. कलम ४१ही वाचून घ्या. ज्याला बाबांचं अक्षर ओळखीचं आहे, मग तो बँकेतला कारकून का असेना, त्याचं मतही न्यायालय ऐकतं. कधीकधी असा कारकून आमच्यापेक्षा भारी पडतो.

खासगी तज्ज्ञ लावायचा असेल तर तो न्यायालयाची परवानगी घेऊन, तिथल्या कर्मचाऱ्यासमोर मूळ कागदाचे फोटो काढतो. कागद घरी नेऊ देत नाहीत, ते बरंच आहे. तुमच्या पैशाने आलेला तज्ज्ञ तुमच्या बाजूने बोलणार हे न्यायाधीशांनाही माहीत असतं. त्याच्या अहवालात कारणं किती आणि फोटो किती, ते बघून ते वजन ठरवतात.

प्रश्न : एका पतसंस्थेच्या कर्जाला मी जामीनदार असल्याचा कागद निघाला. मी सही केलेली नाही. संस्था म्हणते, आमच्याकडच्या तुमच्या जुन्या अर्जावरची सही यावर तंतोतंत बसते, मग तुमचीच. आता काय बोलायचं?
— वाचक, वर्धा

उत्तर : 'तंतोतंत' हा शब्द त्यांच्याकडून लेखी घ्या. तुमच्या कामाचा आहे. दोन खऱ्या सह्या एकीवर एक ठेवल्या की कुठेतरी सरकतातच. अजिबात सरकत नसतील तर एक दुसरीवरून उतरवलेली असण्याचा संशय येतो. अमेरिकेत १८६८च्या हाउलंड मृत्युपत्राच्या खटल्यात बेंजामिन पर्स या गणितज्ञाने हेच मांडलं होतं. त्यांनी मृत्युपत्र करणाऱ्या सिल्विया हाउलंड या बाईंच्या ४२ सह्या आपसांत ताडून पाहिल्या. कोणत्याही दोन सह्यांत वरून खाली येणाऱ्या ३० रेघांपैकी सरासरी पाचातली एकच जुळत होती. वादातल्या सहीत मात्र तीसच्या तीस जुळल्या. खटल्याचा निकाल वेगळ्याच कायदेशीर मुद्द्यावर लागला, पण युक्तिवाद आजही शिकवतात.

हल्ली सही उतरवायला काच आणि दिवा घेऊन कोणी बसत नाही, स्कॅन करून छापतात. साधं दहापट भिंग लावा. पेनाची रेघ सलग दिसते आणि मागून बोट फिरवलं तर बहुतेकदा दाब लागतो. इंकजेटची सही रंगीत ठिपक्यांची असते, लेझरची टोनरच्या कणांची. अस्सल कागद बघायला मागा. तो देत नसतील तर लेखी मागा, आणि नकारही लेखीच घ्या.

प्रश्न : आमच्या शेताची फेब्रुवारी १९९५ची सौदाचिठ्ठी चुलत्यांनी आता काढली आहे. मजकूर असा : 'मौजा अमुक, तालुका तिरोडा, जिल्हा गोंदिया येथील शेत… रोख रक्कम घेऊन ताबा दिला.' शाई नवी वाटते. शाईचं वय काढणारी लॅब नागपुरात कुठे आहे?
— वाचक, तिरोडा

उत्तर : लॅब राहू द्या. तुम्हीच उतरवून पाठवलेली ओळ पुन्हा वाचा. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ला. १९९५मध्ये तिरोडा तालुका भंडारा जिल्ह्यात होता. चार वर्षांनी जन्मणाऱ्या जिल्ह्याचं नाव त्या अर्जनवीसाला कुठून कळलं?

एक पळवाट त्यांच्याकडे असू शकते : 'मूळ चिठ्ठी फाटली म्हणून नंतर नक्कल केली.' तसं म्हटलं तर मग मूळ कागद, मूळ सह्या, नक्कल करणारा, सगळंच मागता येतं. म्हणून हा मुद्दा आत्ताच भाऊकीत बोलून दाखवू नका. मूळ कागद न्यायालयात दाखल झाल्यावर उलटतपासणीत विचारा.

असे कागद तारखेने मरतात, शाईने क्वचित. छापील ₹ हे चिन्ह केंद्र सरकारने जुलै २०१०मध्ये स्वीकारलं. ते २००६च्या करारात दिसलं की माझं काम संपे. पाकिस्तानात २०१७मध्ये पंतप्रधानांच्या मुलीने दिलेला फेब्रुवारी २००६चा कागद कॅलिब्री फॉन्टमुळे गोत्यात आला, कारण तो फॉन्ट सर्वसामान्यांच्या हाती २००७मध्ये पोचला. आपल्याकडे गडचिरोली १९८२चा, वाशीम १९९८चा. हे पाठ ठेवा. स्टँपच्या पाठीमागचा विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक, विकत घेणाऱ्याचं नाव हेही पाहा.

चिठ्ठी नेमकी १९९५ची का, याचाही विचार करा. तीस वर्षं जुना कागद योग्य माणसाच्या ताब्यातून आला तर त्यावरच्या सह्या खऱ्या असं न्यायालय गृहीत धरू शकतं (पुरावा कायद्याचं पूर्वीचं कलम ९०, आता साक्ष अधिनियमाचं ९२). त्या तीस वर्षांचा मोह अनेकांना होतो.

प्रश्न : इतवारीतल्या एका व्यापाऱ्याला सही करून कोरा चेक दिला होता. त्याने नंतर मनाला येईल ती रक्कम भरली. सही आणि रक्कम यांची शाई वेगळी आहे हे सिद्ध केलं तर केस सुटेल ना?
— वाचक, नागपूर

उत्तर : बहुधा नाही. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन निळ्या शाया अवरक्त प्रकाशात वेगळ्या दिसतात, एखादी तर गायबच होते; तेवढं आम्ही दाखवू शकतो. पण शाई वेगळी म्हणजे तारीख वेगळी, असं होत नाही. बॉलपेनची शाई वाळताना तिच्यातला द्रावक उडत जातो आणि त्यावरून वयाचा अंदाज घ्यायच्या पद्धती आहेत. परंतु चेक ऊनात होता की फायलीत यावर सगळं फिरतं, आणि नेमका महिना सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. शिवाय बीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये सांगितलं आहे की स्वेच्छेने सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी चेकसंबंधीच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम १३९चं गृहीतक, म्हणजे चेक देणं फेडायलाच दिला होता असं धरून चालणं, लागू होतं. तुमचा भर देणं किती होतं यावर हवा. हिशेबाची वही, जीएसटीची बिलं, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं काढा.

प्रश्न : आमच्या कॉलेजात निनावी धमकीपत्र आलं. पोलिसांनी माझ्या मुलासकट काही मुलांना अक्षराचे नमुने द्यायला सांगितलं आहे. द्यावेच लागतात का? त्याला अक्षर बदलून लिही असं सांगू का?
— एक आई, नागपूर

उत्तर : दुसरं अजिबात सांगू नका. पहिल्याचं उत्तर : दंडाधिकारी तसा आदेश देऊ शकतात, ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ३४९मध्ये आहे. नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, हे काथी कालू ओघड प्रकरणात ११ न्यायाधीशांच्या पीठाने १९६१मध्येच ठरवलं. फक्त पोलीस आदेशाशिवाय मागत असतील तर आधी वकिलाला विचारा.

अक्षर बदलणारा फार वेळ बदलू शकत नाही. तो अक्षराचं रूप बदलतो, सवयी तशाच राहतात. शिरोरेषा शब्द संपल्यावर देतो की अक्षरागणिक, अनुस्वार ठिपका की गोळा, रफार कुठून सुरू होतो, समासाशी किती जागा सोडतो. म्हणून परीक्षक पानामागून पान सांगून लिहवून घेतात, आणि आधीचं पान समोर ठेवत नाहीत. निर्दोष मुलाने मुद्दाम वाकडं लिहिलं तर अहवालात 'हेतुपुरस्सर बदल' एवढेच शब्द येतात, आणि ते वाईट दिसतात.

एक नागपुरी गोष्ट इथे सांगायला हवी. पत्रात 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आहेत म्हणून लिहिणारा हिंदी शाळेतला, असं काढणारे हुशार लोक असतात. या शहरात मराठी शाळेत शिकलेली अर्धी पोरंही फलक आणि पाट्या बघून तसंच लिहितात. ते सामाईक वळण आहे, ओळख नव्हे.

प्रश्न : अंकशास्त्रवाल्यांनी सहीखाली दोन रेघा आणि शेवटी टिंब द्यायला सांगितलं आहे. सहीवरून स्वभाव कळतो का?
— वाचक, अमरावती

उत्तर : ते आमचं शास्त्र नाही. बदलायचीच असेल तर बँक, पासपोर्ट, पॅन, सगळीकडे एकाच आठवड्यात बदला, नाहीतर पहिला चेक परत येईल.

प्रश्न : घरात सापडलेल्या लिहायच्या पॅडवर वरच्या, फाडलेल्या पानाचे ठसे दिसतात. पेन्सिल घासून वाचू का?
— वाचक, काटोल

उत्तर : नको. पेन्सिलीने खोलगट जागा भरतात आणि पुढची तपासणी बिघडते. यासाठी ईएसडीए नावाचं उपकरण आहे. कागदावर पातळ प्लास्टिकचा पडदा बसवून त्याला विद्युतभार देतात, आणि टोनर सोडला की तो ठशांच्या जागी जमतो. कागदाला काही होत नाही, आणि दोन-तीन पानं खालचा मजकूरही वाचता येतो. बोटांच्या ठशांसाठी रसायन लावायचं असेल तर ते ईएसडीएनंतर, आधी नाही. तोवर पॅड हाताळू नका, त्यावर दुसरं काही ठेवून लिहू नका, लॅमिनेशन तर नकोच. मोठ्या पाकिटात सपाट ठेवा, आणि पाकिटावर नाव-पत्ता टाकायचा असेल तर पॅड आत घालण्याआधी टाका.