वाळवंटी झेंडू लावताय? आधी पाण्याचा पाइप बाजूला ठेवा

ॲरिझोनात पहिल्यांदाच बाग करताय ना, मग डेझर्ट मॅरीगोल्ड अगदी योग्य निवड. (आपला दसऱ्याचा झेंडू नव्हे हा, फक्त कूळ एकच.)

नवखे चुकतात ते पाण्यात. पानं लोकरीसारखी करडी दिसली की रोप सुकलं समजून रोज पाणी घालतात आणि मुळं कुजवतात. अहो, रंगच तसा असतो! रोप रुजलं की माती पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पाणी नको.

- बी पावसाळ्यानंतर, गारवा सुरू झाला की थेट जमिनीवर भुरभुरा. खोल पुरू नका.
- दिवसभर ऊन, रेताड जमीन. खत नकोच.
- रानातली रोपं उपटून आणू नका.

झाड अल्पायुषी आहे, पण वाळलेली फुलं राहू दिलीत तर बी पडून नवी रोपं येतात. छाटणीचं पुढच्या वर्षी बघू.