‘बाम्बोलेओ’वाला अल्बम खरा फ्लॅमेंको आहे का?

प्रश्न : मुलगा गिटार शिकतो. घरी आम्ही जिप्सी किंग्ज या बँडचा ‘बाम्बोलेओ’वाला अल्बम सारखा लावतो, पण क्लासमध्ये त्याला सांगितलं की हे खरं फ्लॅमेंको नाहीच, टुरिस्ट लोकांसाठी बनवलेलं पॉप आहे. खरंय का? (एक वाचक, नाशिक)

अर्धं खरंय, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी मी भांडायला तयार आहे. फ्लॅमेंको म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाचं गाणं-गिटार-नाच. त्याचे जुने वजनदार प्रकार, म्हणजे सोलेआ वगैरे, त्यांत १२ मात्रांचं आवर्तन असतं आणि जोर येतो ३, ६, ८, १० आणि १२ वर, त्यामुळे आपण एकताल धरून टाळी द्यायला गेलो की लगेच चुकतो. रुंबा ही दुसरी, हलकी चाल, ती सरळ चार मात्रांची, केहरवा ऐकत वाढलेल्या माणसाचा पाय आपोआप हलतो. ही चाल क्युबाकडून स्पेनमध्ये आली, तिथल्या जिप्सींनी म्हणजे गितानोंनी ती आपलीशी केली आणि बार्सिलोनात पेरेतसारख्या कलाकारांनी तिची कातालान रुंबा केली. या अल्बमचा जीव रुंबात आहे, सोलेआत नाही, तेवढं क्लासचं म्हणणं बरोबर.

पण ‘टुरिस्टांसाठी’ हे मला अजिबात पटत नाही. जिप्सी किंग्जची माणसं दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल आणि माँपेलिए भागातली, रेयेस आणि बालियार्दो ही दोन घराणी. स्पेनमधल्या यादवी युद्धात यांचे वाडवडील कातालोनिया, म्हणजे बार्सिलोनाचा प्रांत, सोडून तिकडे आले. होसे रेयेस हे मानितास दे प्लाता या गाजलेल्या गिटारवादकासोबत गायचे, पुढे वेगळे झाले आणि मुलांना घेऊन ‘लोस रेयेस’ काढलं. रेयेस म्हणजे स्पॅनिशमध्ये राजे, तिथूनच पुढे ‘किंग्ज’ आलं. १९७९ मध्ये होसे गेले. मग त्यांचा मुलगा, गायक निकोलास आणि त्याचे भाऊ, लीड गिटारवर तोनिनो बालियार्दो, आणि होसेंचे जावई चिको बुशिखी, अशी सगळी घरचीच माणसं. लग्नात, रस्त्यावर, पार्टीत जे वाजवत मोठे झाले तेच त्यांनी रेकॉर्ड केलं.

१९८२ चा ‘आलेग्रिया’ अल्बम ऐका, त्यात गिटारी, गळे आणि टाळ्या, बाकी काही नाही. तो बाहेर फारसा पोचला नाही. मग मॅनेजर क्लोद मार्तिनेझ सोबत आले आणि १९८७ मध्ये बँडच्याच नावाचा तिसरा, म्हणजे तुमचा ‘बाम्बोलेओ’वाला अल्बम आला, त्यात ड्रम, बास, कीबोर्ड आले आणि तो जगभर गेला, अमेरिकेच्या चार्टवर तब्बल ४० आठवडे राहिला. स्पॅनिश गाण्यांच्या अल्बमला तेव्हा हे जवळजवळ अशक्यच होतं. ‘जोबी जोबा’ हे गाणं दोन्ही अल्बममध्ये आहे, ते मुलाला लागोपाठ ऐकवा. १९८७ च्या अल्बममधले ड्रम काढून टाकले असं मनात धरून ऐका, आतल्या गिटारी तशाच्या तशा वाजतायत. ड्रमने फक्त दार मोठं केलं, घर त्यांचंच आहे. आणि निकोलासचा आवाज! शब्दाच्या शेवटी तो फाटतो आणि फाटतानाच सुरात राहतो, हे कुणी टुरिस्टांसाठी शिकत नाही हो.

प्रश्न : ‘बाम्बोलेओ’ नक्की कुणाचं गाणं? कुणी म्हणतं चोरलंय. (पुणे)

चोरलेलं नाही. त्यातला मोठा भाग व्हेनेझुएलाच्या सिमोन दियास यांच्या ‘काबायो व्हिएहो’ या १९८० च्या गाण्यावरून घेतलाय आणि गीतकारांत त्यांचं नाव आहे. काबायो व्हिएहो म्हणजे म्हातारा घोडा, उतारवयात प्रेमात पडलेल्या माणसाचं गाणं. मूळ संथ आहे, नक्की ऐका.

प्रश्न : हे लोक मूळचे भारतातले असं वाचलं. मग यांचं संगीत आपलंच म्हणायचं का? (एक वाचक, बेळगाव)

मूळ भारतातलं, हो. जिप्सींना रोमा म्हणतात, त्यांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी वायव्य भारताकडून निघाले हे भाषेवरूनही कळतं आणि जनुकांवरूनही. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला पानी आणि काळ्याला कालो म्हणतात, पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. दक्षिण फ्रान्समध्ये सेंत-मारी-द-ला-मेर नावाचं समुद्राकाठचं गाव आहे, तिथे दर वर्षी २४ मे ला जिप्सी लोक सारा-ला-काली या त्यांच्या सावळ्या संत बाईची मूर्ती खांद्यावर घेऊन समुद्रात जातात आणि परत आणून ठेवतात. काली म्हणजे काळीच.

पण संगीत आपलं म्हणू नका, प्लीज. ते आंदालुसियात, बार्सिलोनात, आर्लमध्ये, हाल सोसत, त्या त्या गावच्या लोकांत मिसळत घडलंय. शब्दांचं नातं आनंदाने सांगा, गाण्याचं श्रेय त्यांनाच राहू दे.

प्रश्न : गिटारमध्येच ढोलकीसारखी थाप ऐकू येते ती कशी काढतात? (तोच नाशिकचा मुलगा)

वा, हाच प्रश्न हवा होता! त्याला व्हेंतिलादोर म्हणतात, म्हणजे पंखा, कारण उजवा हात पंख्यासारखा फिरतो. बोटं तारांवरून खाली येतात, लगेच पंजा तारांवर पडतो आणि सूर जागच्या जागी दाबला जाऊन ‘थप्’ होतं, मग अंगठा वर-खाली. मधेच लाकडावर बोटांची टकटक. असं चार-पाच जण एकत्र वाजवतात, म्हणून तुला ढोलकी वाटली. आधी तारा न छेडता नुसती थाप एका लयीत बसव, आठवडाभर तेवढंच कर, मनगट सैल ठेव. स्टीलच्या तारांवर पंजा आपटशील तर हात सोलवटेल, नायलॉन तारांची गिटार घे, आणि भोकाजवळ एक पातळ पारदर्शक पट्टी चिकटवून घे, गोल्पेआदोर म्हणतात तिला, ती नसेल तर महिन्याभरात पॉलिशवर नखांचे ओरखडे दिसायला लागतील.