जुने ऑपरेटर ऐकत नाहीत म्हणून बोलायचा क्लास लावू का?

तुझा प्रश्न नीट वाचला. डिप्लोमा करून चाकणला सुपरवायझर म्हणून लागलायस, लाईनवरचे जुने ऑपरेटर तुझ्या वडिलांच्या वयाचे, तोंडावर हो म्हणतात आणि करायचं तेच करतात, मॅनेजरसमोर गेलास की तोंडातून शब्द फुटत नाही, आणि आता एका क्लासवाल्याने सांगितलंय की बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी सगळा आवाज आणि बॉडी लँग्वेज, तर फी भरू का. मी याच पट्ट्यात बरीच वर्षं शॉप फ्लोअरवर काढलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते ७ टक्क्यांचं. हा आकडा अल्बर्ट मेहरेबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांवरून आलाय. त्यात लोकांना सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या टोनमध्ये ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं की बोलणाऱ्याच्या मनात भावना काय असेल. शब्द एक सांगतोय आणि चेहरा दुसरंच, तर लोक चेहऱ्यावर जास्त विश्वास ठेवतात, एवढाच त्याचा अर्थ. हे आकडे सगळ्या बोलण्याला लावू नका असं मेहरेबियननी स्वतःच सांगितलंय. मशीनला ऑफसेट (साईझ जुळवायचा बदल) किती द्यायचा हे चेहऱ्याने सांगता येत नाही रे, तिथे शब्द आणि आकडाच लागतो. त्यामुळे या पायावर उभा असलेला क्लास लावू नकोस.

आणि तुला बोलायला कमी येतं असं मला तुझ्या लिहिण्यावरून वाटत नाही. तुला विचारायला आणि थांबायला शिकायचंय.

समज, सुट्टीनंतरच्या सकाळी सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) सुरुवातीचे पीस साईझबाहेर गेले. बहुतेक नवीन सुपरवायझर लांबूनच ओरडतात, "काय मामा, परत रिजेक्शन? लक्ष कुठंय?" मामा म्हणणार "बघतो साहेब", आणि विषय तिथेच संपला, कारण सगळ्यांसमोर लाज गेल्यावर कोण कशाला मनातलं सांगेल. त्यापेक्षा मशीनपाशी जा, पीस हातात घे, स्वतः गेज (मापायचं साधन) लावून बघ आणि हळू आवाजात विचार, "मामा, सुट्टीआधी साईझ बरोबर येत होती, आज काय वेगळं वाटतंय?" आणि मग गप्प राहा. मामा फडक्याला हात पुसतील, मशीनकडे बघतील, तुझ्याकडे बघतील, तुला ते थांबणं नको नको होईल, तरी मध्ये बोलू नकोस. मग येईल, "मशीन थंड आहे साहेब. आधी वॉर्म-अप द्यायचो, आता प्लॅन टाईट म्हणून नको म्हणालेत." स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) तापेपर्यंत साईझ सरकत राहते हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं माहितीये, फक्त कोणी विचारलेलं नसतं. आता इथे "कोण नको म्हणालं?" असं विचारलंस की ती चौकशी झाली, मामा परत बंद. "वॉर्म-अपला किती वेळ द्यायचात?" असं विचार. म्हणजे त्यांच्याच उत्तराला धरून पुढचा प्रश्न. माझ्या मते संवादकौशल्य म्हणतात त्यातला निम्मा भाग या दुसऱ्या प्रश्नात आहे.

थांबण्याचं मी उगाच सांगत नाहीये. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात शाळेच्या वर्गांत मोजलं, तर शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम १ सेकंद थांबायचे. तेच ३ सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांब यायला लागली, आपणहून बोलणारी मुलं वाढली, "माहीत नाही" कमी झालं. फ्लोअरवर आवाज असतो, समोरच्याच्या डोक्यात सायकल टाईम (एका पीसला लागणारा वेळ) चालू असतो, तिथे तर आणखी थांबावं लागतं.

आता ते तोंडावरचं "हो". समोरच्याने हो म्हटलं म्हणजे त्याला ऐकू आलं, एवढंच धर. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळाच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. कारणं बरीच होती, धुकं होतं, पण विमानांना उड्डाणाची परवानगी देणाऱ्या कंट्रोलरने आधी "ओके" म्हटलं आणि पुढचं "थांबा, मी सांगतो" हे रेडिओच्या गोंधळात नीट पोचलंच नाही, हे त्यातलं मोठं कारण. नंतर विमानवाल्यांनी ठरलेले शब्द वापरायचे आणि ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं यावर फार कडक भर दिला. तू शिफ्ट हँडओव्हरला हेच कर, फक्त "कळलं का, सांगा बघू" असं मास्तरासारखं नको. "मामा, माझ्याकडून काही सांगायचं राहिलं का बघा, सेकंड शिफ्टला तुम्ही काय सांगाल?" असं म्हण. परीक्षा तुझ्या सांगण्याची होते, त्यांची नाही, म्हणून त्यांना राग येत नाही.

मॅनेजरपाशी शब्द न फुटण्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं की आपण गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागतो आणि ते मध्येच "मग काय पाहिजे?" म्हणतात. तर काय पाहिजे तेच पहिल्या वाक्यात टाक. "सर, सुट्टीनंतरच्या दिवशी वॉर्म-अपला १५ मिनिटं हवीत, नाहीतर पहिले पीस स्क्रॅप जातात, हे मागच्या महिन्याचं रिजेक्शन." कागद समोर ठेव आणि थांब. पाहिजे तर जाण्याआधी ते एक वाक्य लिहून घे, त्यात कमीपणा काही नाही. आणि हे मामांनी दाखवून दिलं असं त्यांच्या नावानिशी सांग, अशी गोष्ट फ्लोअरवर बरोबर पोचते.

मॅनेजर नाही म्हणाले तरी त्याच दिवशी मामांकडे जाऊन सांग की मी बोललो, सध्या नाही म्हणालेत, पुढच्या महिन्याचे आकडे घेऊन परत विचारणार आहे. हे बरेच सुपरवायझर करत नाहीत, आणि मग आपण सांगितलेल्याचं पुढे काही होतच नाही असं धरून माणसं सांगायचीच बंद होतात.