वॉटर मोल्डला मराठीत काय म्हणायचं? माझं मत पाणबुरशी

एका ताईंचा प्रश्न आहे. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरवर त्या शाळेतल्या मुलांसाठी मराठीत माहितीपत्रक करतायत आणि 'वॉटर मोल्ड'ला शब्द सापडत नाहीये. भाषांतराचं अ‍ॅप 'पाण्याचा साचा' देतंय, शाळेतले सर 'जलकवक' म्हणतायत, आणि घरचे म्हणतात सरळ शेवाळ लिही. शिवाय तळाच्या गाळातल्या अळ्या, गोगलगायी, शिंपले या 'बेन्थिक इन्व्हर्टिब्रेट्स'ना काय म्हणायचं तेही विचारलंय.

साचा तर नकोच, तो गणपतीच्या मूर्तीचा असतो. शेवाळही नको, कारण शेवाळ हिरवं, उन्हावर स्वतःचं अन्न करणारं, आणि हा जीव मेलेल्या माशीवर, माशाच्या जखमेवर, अंड्यांवर पांढऱ्या कापसासारखा वाढतो. पण घरचे अगदीच चुकले नाहीत हं, कारण वंशावळ बघितली तर वॉटर मोल्ड भूछत्रापेक्षा तपकिरी शैवलांच्या, म्हणजे समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या, जास्त जवळचे, पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोजसारख्या पदार्थांची, आणि खऱ्या बुरशीची असते कायटिनची.

आता जलकवक. शब्द चांगला आहे पण मी तो दुसऱ्यासाठी राखून ठेवीन. मराठी विश्वकोशात फंगसला कवक म्हटलंय, म्हणजे कवक म्हटलं की खरी बुरशी, आणि तळ्यात खरी बुरशीही भरपूर असते की! काठावरच्या झाडाचं पान पाण्यात पडलं की आधी ही कवकं त्यात शिरून ते मऊ करतात आणि मग अळ्या, गोगलगायी ते आवडीने खातात, नुसतं कोरं पान त्यांना तितकं मानवत नाही. काही कवकं तर पाण्यातल्या डासमाशीच्या अळ्यांच्या आतड्यातच राहतात. तुमच्या पत्रकात हे दोन्ही जीव येणार, मग दोघांना एकच नाव देऊन कसं चालेल?

म्हणून माझं मत पाणबुरशी. कुणी म्हणेल की ती बुरशीच नाही तर बुरशी का म्हणायचं? पण आपल्या भाषेतलं हे 'पाण' बघा ना, पाणमांजर मांजर नसतं, पाणकावळा कावळा नसतो, पाणघोडा तर घोड्याच्या जवळपासही नाही. मराठीत पाण लावलं की अर्थ होतो, दिसायला किंवा वागायला त्याच्यासारखं पण पाण्यातलं, नातं असेलच असं नाही. हे इतकं चपखल बसतं की मला तरी दुसरा शब्द शोधावासा वाटत नाही.

आणि हा फरक नाशिककरांना नवा नाहीच. दिंडोरीला माझ्या मामाच्या द्राक्षबागेत भुरी आणि केवडा या दोन रोगांची गल्लत कुणी करत नाही. भुरी म्हणजे पानावर राख भुरभुरल्यासारखी, ती खरी बुरशी, गंधकाला दबते. केवडा म्हणजे इंग्रजीतला डाऊनी मिल्ड्यू, वरून तेलकट पिवळा डाग आणि पान उलटं केलं की खाली पांढरी लव, हा पाणबुरशीचा सख्खा भाऊबंद, याचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या थरात पोहत जातात म्हणून पाऊस आणि दव पडलं की मामाची झोप उडते, गंधकाने हा हटत नाही. बाजरीवरचा केवडा, ज्याला गोसावी म्हणतात, तोही याच गोतातला. मग सगळ्या गोतालाच केवडा म्हणूया का असं मलाही वाटलं होतं, पण भेंडीची पानं पिवळी पडतात त्यालाही लोक केवडा म्हणतात आणि तो असतो विषाणू, म्हणून तो नाद सोडला.

मुलांना शब्द पटवायचा असेल तर काचेच्या बरणीत काठाचं पाणी घ्या आणि मेलेली माशी तरंगत सोडा. तीन-चार दिवसांत तिच्याभोवती पांढऱ्या तंतूंचं वलय उभं राहतं, साध्या भिंगातूनही दिसतं. माशी पाण्याबाहेर उचलली की ते सगळं ओल्या कापसासारखं तिच्या अंगाला चिकटून बसतं, परत पाण्यात सोडली की पुन्हा फुलतं. मायक्रोस्कोप मिळाला तर टोकांच्या फुगीर पिशव्यांतून बीजाणू पोहत बाहेर पडताना दिसतात, प्रत्येकाला दोन शेपट्या.

दुसऱ्या प्रश्नाला पाठ्यपुस्तकी उत्तर 'तळवासी अपृष्ठवंशीय', पण सातवीतल्या पोराची जीभ अडखळेल. आपल्याकडे जलचर, उभयचर, निशाचर आहेतच, त्यात तळचर सहज बसतो. पहिल्यांदा 'कणा नसलेले तळचर' लिहा, पुढे नुसतं तळचर. 'बिनकण्याचे' मात्र टाळा, ते आपण माणसांना म्हणतो.

म्हणजे वाक्य असं होईल: 'जलकवकं पानं मऊ करतात, तळचर ती खातात आणि मेलेल्या तळचरांवर पाणबुरशी वाढते.' शब्द स्त्रीलिंगी, अनेकवचन पाणबुरश्या.