वाचक विचारतात : एक दिवस आधीची टेस्ट, पण कोणत्या विमानाच्या आधी?

(ही प्रश्नोत्तरं कोरोनाच्या काळातली, डिसेंबर २०२१ च्या सुमाराची आहेत. यातले टेस्टचे आणि लसीचे नियम तेव्हाचे, आता ते राहिलेले नाहीत.)

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत डॅलसला असते, जानेवारीत तिचं बाळंतपण आहे. मी आणि आमचे हे ८ जानेवारीला, शनिवारी पहाटे सव्वाचारच्या विमानाने मुंबईहून निघतोय, दुबईला पाच तास थांबून पुढे डॅलस. आधी ३ दिवसांतली कोरोना टेस्ट चालायची, आता एजंट म्हणतो एक दिवसाची, मुलगी म्हणते २४ तासांची आणि इथली लॅब म्हणते आरटी-पीसीआरचा रिपोर्टच दुसऱ्या दिवशी मिळेल. कसं जमवायचं? आणि दुबईत माझा भाऊ आहे, दोन दिवस त्याच्याकडे उतरलो तर चालेल का? (कॉलेज रोड, नाशिक)

उत्तर : ताई, आधी मनातून ते २४ तास काढून टाका. ६ डिसेंबर २०२१ पासून अमेरिकेने ३ दिवसांचा एक दिवस केलाय हे खरं, पण तो कॅलेंडरचा दिवस आहे, घड्याळाचे तास नाहीत. म्हणजे एखाद्याचं विमान शुक्रवारी रात्री १० ला असेल तर गुरुवारी सकाळी ८ ला दिलेला स्वॅबसुद्धा चालतो, तास मोजले तर ३८ होतात तरी चालतो. तुमचं मात्र पहाटेचं विमान आहे आणि तिथेच लोक फसतात, कारण घरात सगळे म्हणतात शुक्रवारी रात्री निघायचंय तर गुरुवारी टेस्ट करून टाकू. तसं चालणार नाही. तिकिटावर तारीख शनिवारची आहे, त्यामुळे स्वॅब शुक्रवारीच, ७ तारखेलाच द्यायचा.

आता वेळेचं गणित बघा. पहाटे सव्वाचारचं विमान म्हणजे मध्यरात्रीपर्यंत मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलला पोचायला हवं, कसारा घाट आणि पुढे भिवंडीची गर्दी धरून नाशिकहून संध्याकाळी ६ ला गाडी निघालीच पाहिजे, म्हणजे हातात फक्त शुक्रवारचा दिवस उरतो. एवढ्यात आरटी-पीसीआर देतो असं लॅबने लेखी कबूल केलं तर उत्तम, पण मी तरी त्याच्या भरवशावर राहणार नाही. अमेरिकेला अँटीजेन टेस्टसुद्धा चालते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. रॅपिड अँटीजेन मान्यताप्राप्त लॅबमध्ये जाऊन करायची, रिपोर्ट अर्ध्या-पाऊण तासात मिळतो. मेडिकलमधून किट आणून घरी स्वतः केलेली टेस्ट नाही चालायची, कुणाच्या देखरेखीखाली न केलेली टेस्ट ते धरत नाहीत.

पण तुम्ही दुबईमार्गे जाताय. यूएईने ऑगस्ट २०२१ मध्ये भारतातून जाणाऱ्यांना ट्रान्झिट (विमानतळाबाहेर न पडता पुढचं विमान पकडणं) उघडलं तेव्हा ७२ तासांच्या आतल्या टेस्टची अट घातली होती, आणि तिथे आरटी-पीसीआरच लागते. म्हणून माझं स्पष्ट मत, दोन टेस्ट करा. गुरुवारी सकाळी आरटी-पीसीआर द्या म्हणजे रिपोर्ट शुक्रवारपर्यंत निवांत हातात येईल आणि ७२ तासांतही बसेल, मग शुक्रवारी सकाळी अँटीजेन. खर्च थोडा जास्त होईल पण मुलीचं बाळंतपण आहे, काउंटरवरून परत फिरायची वेळ तुमच्यावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

भावाकडे उतरायचा विचार या खेपेला सोडा. अमेरिकेचा नियम असा आहे की सगळा प्रवास एकाच बुकिंगमध्ये असेल आणि मधला कुठलाही थांबा २४ तासांपेक्षा मोठा नसेल तर टेस्टचा दिवस पहिल्या विमानापासून मोजतात, तुमच्या बाबतीत मुंबईपासून. दोन दिवस दुबईत राहिलात की तो धागा तुटला, मग दुबई–डॅलस विमानाच्या आदल्या दिवशी तिथे नव्याने टेस्ट करावी लागेल. शिवाय दुबईत उतरायचं तर ४८ तासांतली आरटी-पीसीआर, वर मुंबई विमानतळावर उड्डाणाच्या ६ तासांच्या आत रॅपिड पीसीआर. आणि चुकून दुबईत रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तिथेच अडकाल, लेक तिकडे एकटी. स्वस्त पडतात म्हणून मुंबई–दुबई आणि दुबई–डॅलस अशी वेगळी तिकिटं काढणाऱ्यांनाही हेच लागू आहे, थांबा ५ तासांचा असला तरी मोजणी दुबईच्या विमानापासून होते. म्हणून एजंटला एकच विचारा, पीएनआर (बुकिंग नंबर) एक आहे ना?

नावाचं पण बघा. लॅबवाले आधार बघून नाव लिहितात आणि आपल्याकडे आधारवर एक, पासपोर्टवर दुसरं, कुठे आडनाव आधी, कुठे मधलं नावच नाही. पासपोर्टची झेरॉक्स घेऊन जा, रिपोर्टवर नाव पासपोर्टप्रमाणे, सोबत जन्मतारीख किंवा पासपोर्ट नंबर, टेस्टचा प्रकार आणि स्वॅब घेतल्याची तारीख हे सगळं आहे ना ते लॅबच्या दारातच वाचून घ्या. लसीचं कोविन सर्टिफिकेटही पासपोर्टला जोडून घ्या, कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन दोन्ही अमेरिकेला मान्य आहेत, फक्त दुसऱ्या डोसला १४ दिवस झालेले हवेत. परतीच्या वेळी मात्र भारताला अँटीजेन चालत नाही, ७२ तासांतली आरटी-पीसीआर करून एअर सुविधा या भारत सरकारच्या पोर्टलवर निघण्यापूर्वीच टाकायची, हे मुलीला आत्ताच सांगून ठेवा.

प्रश्न : वडिलांना २० ऑक्टोबरला कोरोना झाला होता, आता ठणठणीत आहेत पण आरटी-पीसीआर अजून पॉझिटिव्ह येईल अशी भीती वाटते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेला जायचंय. (सिडको, नाशिक)

उत्तर : भीती रास्त आहे, बरं झाल्यावरही काही आठवडे मेलेल्या विषाणूचे अंश सापडतात आणि आरटी-पीसीआर ते पकडते. अशांसाठी अमेरिकेने सोय ठेवलीय, प्रवासाच्या आधीच्या ९० दिवसांतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि हे बरे झालेत, प्रवास करू शकतात असं डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र, दोन्ही असेल तर निगेटिव्ह टेस्ट मागत नाहीत. तुमचे ९० दिवस १८ जानेवारीला संपतात, तारीख पुढे ढकलू नका. पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर घ्या. वाटेतला देश हे पत्र मानतो का ते विमान कंपनीला ईमेलवर विचारा आणि उत्तराची प्रिंट जवळ ठेवा, फोनवरचं बोलणं काउंटरवर कुणी ऐकत नाही.

प्रश्न : माझं कॅनडात टोरांटोला ॲडमिशन झालंय, जानेवारीत टर्म सुरू. युरोपमार्गे तिकीट स्वस्त मिळतंय, नाशिकचा आरटी-पीसीआर रिपोर्ट चालेल ना? (जेल रोड, नाशिकरोड)

उत्तर : नाही चालणार, आणि तिकीट काढण्याआधी विचारलंस ते फार बरं केलंस. भारतातून दुसऱ्या देशामार्गे कॅनडाला जाणाऱ्याची टेस्ट भारताबाहेर, त्या तिसऱ्या देशातच झालेली हवी, कॅनडाच्या विमानाआधी ७२ तासांच्या आत, आणि अँटीजेन कॅनडाला चालतच नाही. उन्हाळ्यात थेट विमानं बंद होती तेव्हा आपली कितीतरी पोरं यासाठी मेक्सिको, सर्बिया असं फिरून गेली, आईवडिलांचे किती पैसे गेले ते त्यांनाच माहीत. आता २७ सप्टेंबर २०२१ पासून दिल्लीहून थेट विमानं सुरू आहेत, त्यांची अट वेगळी, दिल्ली विमानतळावरच्या जीनस्ट्रिंग्ज लॅबचीच टेस्ट, उड्डाणाच्या १८ तासांच्या आत. माझा सल्ला दिल्लीचाच, एक दिवस आधी दिल्लीत पोच आणि लॅबचा स्लॉट आधी बुक कर. तरी युरोपमार्गेच जायचं असेल तर तिथल्या विमानतळावर ट्रान्झिटमधून बाहेर न पडता टेस्ट होते का, बाहेर पडावं लागलं तर व्हिसा लागतो का आणि रिपोर्ट पुढच्या विमानाआधी हातात पडतो का, ही तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय पैसे भरू नकोस.