देशभर बँका बंद ठेवल्या तर आपलेच पैसे काढायचे काही आपत्कालीन नियम असतात का?

असतात. कागदावर छानच दिसतात. १९३३च्या मार्चमध्ये रूझवेल्टने अमेरिकेतल्या सगळ्या बँकांना कुलूप लावलं, तेव्हाही अन्न, औषधं आणि पगारापुरती देवघेव करायला मुभा होती. आपल्याकडे २०१६ साली पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, त्या नोटाबंदीत ९ नोव्हेंबरला एकच दिवस बँका लोकांसाठी बंद होत्या. खरे हाल त्या उघडल्यावर सुरू झाले.

आमच्या मुलीचं लग्न डिसेंबरच्या सुरुवातीला, इथेच इंदूरला. आठवड्याला खात्यातून २४ हजारच निघायचे. मग लग्नघराला अडीच लाखांची सवलत आली. २१ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने तिला अटी जोडल्या: पैसे ८ तारखेला खात्यात असलेलेच हवेत, लग्न ३० डिसेंबरपर्यंतचं हवं, आईवडील किंवा वधूवर यांच्यापैकी एकानेच काढायचे, पत्रिका दाखवायची. वर ज्यांना रोख देणार त्यांची यादी, आणि आपलं बँकेत खातं नाही असं त्यांनी लिहून दिलेलं! दुसऱ्याच दिवशी ही लिहून घ्यायची अट दहा हजार आणि त्यावरच्या रकमांपुरती राहिली, पण आमच्या शाखेतले साहेब ऐकेनात. घोडीवाल्याचंसुद्धा आणा म्हणे. आमचे हे रामबागेतून निघाले ते त्याला शोधत हिंडले. तो म्हणाला, "भैया, खाता तो है, पर आप कहो तो लिख दूँ नहीं है."

सगळे कागद घेऊन गेलो तर शाखेत रोकडच नाही. हलवाई ओळखीचा, म्हणून चेकवर भागलं.

तेव्हा आमचे दीर सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, पैसा घरात ठेवावा, मी कधीचा सांगतोय." अहो, घरात ठेवला असता तर तो पाचशे-हजाराच्याच नोटांत असता ना? त्यांच्या कपाटातला कुणाकुणाच्या खात्यात भरायचा या काळजीत त्यांची झोप उडाली होती. लग्नघर होतं, मी गप्प बसले. इथे लिहिते.

तर दोन बँकांत खाती ठेवा, घरात थोड्या शंभराच्या नोटा असू द्या, आणि चेकबुक संपू देऊ नका.

हां, एकाच बँकेवर निर्बंध आले तर प्रकरण वेगळं. मार्च २०२०मध्ये येस बँकेतून ५० हजारच काढता येत होते. आजारपण, शिक्षण, लग्नासाठी पाच लाखांपर्यंत सवलत होती. बँक बुडालीच तर व्याजासकट पाच लाखांपर्यंतचा विमा असतो.

घरात कार्य असेल तर हलवाई चेक घेतो का हे आधीच विचारा. दिरांच्या मुलाच्या लग्नात मी हेच सुचवलं होतं, त्यांनी रोखच मोजली.